डेट्रॉइटला तीन ओळी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला बर्लिनच्या टेक्नोवरचा लेख वाचला. या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला 2024 मध्ये जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्याचे कौतुक अर्धे पान; आणि ते जिथून तिकडे गेले त्या अमेरिकेतल्या डेट्रॉइटला तीन ओळी! त्यातही 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या तिथल्या टेक्नो गटाची मंडळी माकडटोप्या घालतात ती म्हणे 'प्रसिद्धीची क्लृप्ती'. आम्ही पुणेकर ऑक्टोबरपासून माकडटोपी घालतो, अजून तरी कुणी प्रसिद्धी दिलेली नाही.

नोकरीनिमित्त मी सहा वर्षे डेट्रॉइटचे उपनगर असलेल्या ट्रॉयमध्ये होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात एक कृष्णवर्णीय फोरमन होता. 1999 च्या हिवाळ्यात डबा खाताना त्याने मला या गटाची एक रेकॉर्ड दाखवली. वर कुणाचाही फोटो नाही. मग ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली, तेव्हा गाणे संपते तिथल्या कोऱ्या पट्टीवर बारीक कोरलेली अक्षरे दिसली. म्हणाला, "ज्याला ऐकायचंय, तोच शोधतो." त्याचे दोन्ही भाऊ त्यांचा कारखाना उठल्यापासून घरी बसून होते. चेहरा विकायचा नाही, कंपनीला विकले जायचे नाही, हा त्या टोपीचा अर्थ मला त्या टेबलावर कळला.

त्याच वर्षी याच गटातल्या डीजे रोलँडोची धून परवानगी मिळेना म्हणून सोनीच्या जर्मन शाखेने हुबेहूब नक्कल करून काढली. चाहत्यांनी ई-मेलचा असा भडिमार केला की सोनीला माघार घ्यावी लागली. आपल्या लेखकाने बर्लिनच्या ज्या 'ट्रेझॉर' क्लबवर दोन परिच्छेद खर्च केलेत, त्याच्या रेकॉर्ड कंपनीची पहिली रेकॉर्ड 1991 मध्ये कुणी केली? याच गटाच्या माइक बँक्स, जेफ मिल्स, रॉबर्ट हूड यांनी. तिघेही डेट्रॉइटचे. निदान एवढे तरी छापायचे!

आणि सोबतचा फोटो? विसर्जन मिरवणुकीतली स्पीकरची भिंत! डीजे म्हटले की आपल्या कपाटात हाच एक फोटो आहे काय? अशाच एका भिंतीने गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराची काच तडकवली. जाब विचारायला गेलो, तर मंडळाचा पोरगा म्हणतो, "काका, टेक्नो आहे हे." त्याच्याकडून मला अपेक्षा नव्हती. आपल्याकडून होती.

आपला,
एक जुना वाचक, पुणे

ता. क. शब्दकोड्याचे उत्तर सलग दुसऱ्या आठवड्यात छापलेले नाही. आडवे 14 अडले आहे.