माझी मुलगी नक्की राहते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय मतदार दिनानिमित्त रविवारी, २५ जानेवारीला, कॉलेजातल्या मुलांच्या उदासीनतेवर आपण अर्धं पान खर्ची घातलंत. लेखकांना मोबाइल सुचला, रील सुचले, ‘आमच्या वेळी’ही सुचलं. नव्या मतदारानं भरायचा नमुना क्रमांक ६ तेवढा सुचला नाही. शेवटी सल्ला आहे की दोन मिनिटं काढून ऑनलाइन अर्ज भरा. दोन मिनिटांबद्दल तक्रार नाही, तेवढीच लागतात. पुढचे अकरा महिने काय करायचं तेही छापलं असतं तर बरं झालं असतं.

माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, अजून पाच सेमिस्टर तिथेच काढायची आहेत. जून २०२४ मध्ये तिला अठरा पूर्ण झाली. सप्टेंबरात कॉलेजात मतदार नोंदणीचं शिबिर झालं, फ्लेक्स लागला, मुलांना रांगेनं बसवून फॉर्म भरून घेतले. हिनं हॉस्टेलचा पत्ता टाकला. आधारवरचा पत्ता आमच्या गावचा, लातूर जिल्ह्यातला. साहजिकच हॉस्टेलला राहत असल्याचा कागद मागितला गेला. ऑफिसात बोनाफाइड आणायला गेली तर छापील अर्जावर कारणांची यादी: एसटी पास, शिष्यवृत्ती, बँक खातं, पासपोर्ट. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, ‘मतदानासाठी देत नाही, लिस्टमध्ये नाहीये.’ आदल्याच आठवड्यात याच ऑफिसच्या दारात शिबिराचा फ्लेक्स होता.

तिनं ‘बँक खातं’वर खूण करून दाखला आणला. त्यात हॉस्टेलचा उल्लेखच नाही. मग बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पडताळणीला आले, भर दुपारी बाराला. मुली वर्गात. मुलींच्या हॉस्टेलात परक्या माणसाला वॉचमननं सोडलं नाही, आणि त्याचं मी कौतुकच करीन. शेरा पडला: पत्त्यावर आढळून आली नाही. अर्ज नामंजूर.

दिवाळीला घरी आली तेव्हा विधानसभेसाठी नाव नोंदवायची मुदत टळली होती, तरी पुढच्या वेळेसाठी म्हणून गावच्या पत्त्यावर दुसरा अर्ज टाकला. इथले बीएलओ म्हणजे शाळेतले गुरुजी, ओळखीचे. ते आले तेव्हा घरात फक्त माझी आई. तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, ‘नात पुण्याला असती, इंजिनेर व्हायलीय.’ गुरुजी प्रामाणिक माणूस. त्यांनी लिहिलं, सदर पत्त्यावर सामान्यतः वास्तव्य नाही. दुसराही अर्ज गेला. नातीचं नाव आपल्या तोंडून गेलं हे आम्ही आईला अजून सांगितलेलं नाही.

पुणं म्हणतं ही गावची, गाव म्हणतं ही पुण्याची. ‘बाबा, मी नक्की राहते कुठे?’ असं तिनं फोनवर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मी पतसंस्थेत कारकून आहे, परिपत्रकं वाचायची खोड आहे. शोधलं तर निवडणूक आयोगानं हे कधीच सोडवून ठेवलेलं. शिक्षणासाठी हॉस्टेलला राहणाऱ्या विद्यार्थ्यानं आईवडिलांच्या पत्त्यावर नाव नोंदवावं किंवा हॉस्टेलच्या, निवड त्याची. अट एवढीच की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा. हॉस्टेलचा पत्ता द्यायचा तर सोबत एक पानी प्रमाणपत्र, त्यावर प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांपैकी एकाची सही. प्रमाणपत्राचा नमुनासुद्धा तयार आहे. म्हणजे पुण्यातलाही अर्ज बरोबर होता आणि गावचाही. ते पान मी छापून घेतलं, जून २०२५ मध्ये रजा टाकून पुण्याला गेलो आणि प्राचार्यांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. दर २५ जानेवारीला हजार मुलांकडून शपथ वदवून घेतात, त्यापेक्षा या पानाचा एक गठ्ठा ऑफिसात ठेवला असता तर?

ऑगस्टमध्ये नाव लागलं. आणि पुणे महापालिकेच्या मतदानाला यादी धरली १ जुलै २०२५ ची! त्याआधीची महापालिका निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची, तेव्हा ही पाचवीत होती. पुढची आली थेट १५ जानेवारी २०२६ ला, आणि हिचं नाव काही आठवड्यांनी हुकलं. १ जुलैनंतर ज्यांना अठरा पूर्ण झाली ती मुलं तर यादीत असणं शक्यच नव्हतं. ‘अठरा-एकोणीसची पोरं केंद्रावर दिसलीच नाहीत’ असं आपले लेखक लिहितात तेव्हा त्यांनी ही तारीख पाहिली होती का?

त्याच शिबिरात तिच्या रूममेटकडूनही नमुना ६ भरून घेतला. तिचं नाव जालन्याला आधीच होतं. तिला हवा होता नमुना ८, स्थलांतराचा. २०२२ पासून त्यासाठी हाच फॉर्म आहे. पण शिबिरवाल्यांना आकडा हवा होता. तिचा अर्ज मात्र मंजूर झाला, आता नाव दोन ठिकाणी आणि पोरगी घाबरलेली. दुबार मतदारांवरून वर्षभर इतका गदारोळ झाला, त्यात अशा शिबिरांचा वाटा किती हे कुणीतरी मोजावं.

थोरल्या मुलाचा अनुभव याच्या नेमका उलट. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्यानं करतात. गेल्या दिवाळीच्या सुमारास एका इच्छुक उमेदवाराची माणसं त्या नोंदणीचा कोरा नमुना १८ घेऊन दारात उभी. आमच्याच टेबलावर बसून अर्ज भरला, पदवीच्या प्रमाणपत्राचा मोबाइलवर फोटो घेतला, चहा पिऊन गेली. पदवी मिळून तीन वर्षं झाली की माणसाला एवढा भाव येतो.

मुलीचं मतदार कार्ड पोस्टानं आलं, हॉस्टेलवर. पण हॉस्टेल पहिल्या वर्षापुरतंच मिळतं. आता चौघी मिळून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, मतदारसंघही बदलला. घरमालक मुलींच्या नावे करार नोंदवायला तयार नाहीत आणि प्राचार्यांचं ते पान पडलं हॉस्टेलपुरतं. आता नमुना ८ भरलाय. पडताळणीला बीएलओ येतील तेव्हा दाराला कुलूप नको म्हणून चौघींनी दुपारी बाराच्या पाळ्या लावल्या आहेत.

आपला,
एक पालक, जि. लातूर

ता. क. : लेखासोबतच्या फोटोत तीन हसऱ्या मुली उजव्या हाताच्या बोटावरची शाई दाखवतायत. शाई डाव्या तर्जनीला लावतात. सेल्फी उलटा छापला गेला असेल तर तसा खुलासा करावा, नाहीतर निदान फोटो तरी मत दिलेल्या मुलींचा छापावा.