आदरणीय ताई, बडोद्याहून आपले आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. आपल्याशी बोलून आठ दिवस झाले, तरी त्या संध्याकाळचा विषय निघाला की आईचे आणि माझे डोळे अजून भरून येतात.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी त्याआधीचे दोन महिने फार जड गेले. अमेरिकेतील न्यूरॉलॉजीच्या (मेंदू व मज्जासंस्थेच्या शाखेच्या) इलेक्टिव्हसाठी, म्हणजे विद्यार्थी असतानाच तिथल्या रुग्णालयात काही आठवडे घ्यायच्या प्रशिक्षणासाठी, केलेला प्रत्येक अर्ज नाकारला गेला होता. ज्या सल्लागाराला बाबांनी आगाऊ पैसे दिले, त्याने नकाराची पत्रे उघडूनही न पाहता निकाल दिला की, जिथे इलेक्टिव्ह मिळत नाही, तिथे रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचे त्या शाखेचे प्रशिक्षण) कुठून मिळणार! आम्हालाही ते खरे वाटले, कारण नीट-पीजीच्या (वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या) काउन्सेलिंगमध्ये जी ब्रांच आधी संपते तीच सर्वांत मागणीची, हेच आपल्याकडे पाहत आलो आहोत.

आपली-माझी ओळख ती काय, तर दोघींनी सयाजी रुग्णालयाच्या वॉर्डांत शिक्षण घेतले एवढीच. तरीही रात्रपाळी संपवून घरी आल्यावर, न झोपता, आपण ती पत्रे मागवलीत आणि त्यातल्या एका रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागातील शिकवणाऱ्या डॉक्टरांची नावे मला एकेक करून मोठ्याने वाचायला लावलीत. सहा भरली. "आधी त्यांचे स्वतःचे विद्यार्थी, मग बाहेरचे. सहा माणसांच्या घरात पाहुणे किती मावतील, तूच सांग," असे आपण म्हणालात. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक होते; पण ते माझ्याच तोंडून निघावे म्हणून आपण थांबलात, ही गोष्ट मी कधीही विसरणार नाही.

दुसऱ्या पत्रात तर परदेशी विद्यार्थी कोणत्याच विभागात घेत नाही, असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे ज्या फॅमिली मेडिसिनच्या शेकडो जागा अलीकडे दरवर्षी मॅचमध्ये (अमेरिकेतील रेसिडेन्सीच्या जागावाटपात) रिकाम्या राहतात, त्या शाखेचाही अर्ज तिथे नाकारलाच गेला असता. ऑर्थोपेडिक्ससारख्या शाखेत मात्र इलेक्टिव्ह हीच जणू मुलाखत असल्याने तिथली गर्दी खरी चुरस दाखवते, हेही आपण प्रांजळपणे सांगितलेत. खोटा धीर न देता धीर देणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

काल मी परदेशी विद्यार्थ्यांना घेणारे मोठे विभाग शोधून पाच नवे अर्ज पाठवले. पाचही न्यूरॉलॉजीचेच आहेत.

आपली कृतज्ञ,
बडोद्याची एक विद्यार्थिनी