पाम बीचवर शर्यत? आधी झाकणे आणि हिशेब पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींचा हंगाम रंगात आला की नवी मुंबईतही रस्त्यावरची शर्यत व्हावी, अशी हौस बोलून दाखवली जाते. पाम बीच मार्ग लांब-रुंद आहे, हे खरे. पण या गाड्यांच्या तळाखाली हवेचा दाब इतका कमी होतो की रस्त्यावरच्या गटाराचे सैल झाकण वर खेचले जाते. २०२३ मध्ये लास वेगासला पहिल्याच सरावात पाण्याच्या व्हॉल्व्हचे झाकण उखडून चालक कार्लोस साइन्झच्या फेरारी गाडीचा तळ आणि बॅटरी निकामी झाली. चूक त्याची नव्हती, तरी बॅटरी बदलल्याबद्दल त्याला शर्यत दहा जागा मागून सुरू करण्याची शिक्षा! म्हणजे आपल्याकडे प्रत्येक गटाराचे व केबल चेंबरचे झाकण वेल्डिंगने पक्के करावे लागेल, गतिरोधक उखडावे लागतील आणि नंतर सारे पूर्ववत करावे लागेल.

खर्चाचे गणित त्याहून अवघड. शर्यत भरवण्याच्या हक्कासाठीचे यजमान शुल्क स्थानिक आयोजक भरतो. ट्रॅककडेच्या जाहिराती व बड्या पाहुण्यांच्या महागड्या पाहुणचाराचे उत्पन्न बहुतेक ठिकाणी फॉर्म्युला वनच्या कंपनीकडे जाते, आयोजकाच्या हाती मुख्यतः तिकिटे उरतात. ग्रेटर नोएडातली फॉर्म्युला वन शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे टिकली. तिथे तर कायमचा ट्रॅक होता! उत्तर प्रदेश शासनाने तिला खेळ न मानता करमणूक कर लावला, तो वाद मिटला नाही.

म्हणून आधी कर आणि गाड्या देशात आणतानाच्या सीमाशुल्काबाबत लेखी हमी मिळवावी. शर्यतीची तारीख त्यानंतर ठरवावी, आणि तीही पावसाळा सोडून.

– एक मोटरशर्यतप्रेमी, ठाणे (प.)