नानांच्या हातात फुगा देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. लाल मफलर, पांढरी दाढी आणि हातात कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा, एवढंच डोळ्यांसमोर आहे. माझी मुलगी या पत्राचं इंग्रजी करून तुमच्या कोरसला पाठवणार आहे. मी मात्र मराठीतच लिहितेय, कारण मनातलं मला मराठीतच सांगता येतं आणि नानांनाही हे वाचायचंय.

नाना माझे वडील. वय ८१. साताऱ्याजवळच्या आमच्या गावी भजनी मंडळात त्यांनी चाळीस वर्षं पखवाज वाजवला. गेल्या काही वर्षांत ऐकू येणं कमी होत होत आता जवळजवळ बंदच झालंय. यंत्र लावलं की नुसता गोंगाट होतो, म्हणून ते काढून खिशात ठेवतात.

दिवाळीत इथे अमेरिकेत एका मराठी गाण्याच्या कार्यक्रमाला त्यांना घेऊन गेले होते. पुढच्या रांगेत बसवलं, तर संयोजकांपैकी एक बाई येऊन मला म्हणाल्या, "यांना ऐकू येत नाही ना? मग मागे बसवा की, पुढे ऐकणारे बसतील." नानांना शब्द कळले नाहीत, पण चेहरा वाचता येतो त्यांना. काही न बोलता उठले आणि मागे जाऊन बसले. आपली भाषा, आपली माणसं! अजूनही आठवलं की घशाशी येतं.

म्हणून नाताळच्या आदल्या दिवशी फ्रीमाँटहून निघताना माझा पाय उचलत नव्हता. मुलीने हट्टाने तिकिटं काढली होती. सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस, म्हणजे समलिंगी पुरुषांचा गायकवृंद, तिथलंच कॅस्ट्रो थिएटर, सोबत पाहुणी रॉक गायिका. म्हटलं, तिथे तरी नानांना काय मिळणार?

तुम्ही दारातच नानांना पाहिलंत. यंत्र खिशात टाकताना पाहिलं असणार. इतर सगळे मला विचारतात, "यांना काय हवंय?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. नानांच्या समोर वाकलात, पत्रिकेच्या कोपऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंत, "ड्रम सुरू झाले की हा दोन्ही हातांत हलका धरा," आणि एक फुगवलेला लाल फुगा त्यांच्या हातात दिलात. नानांनी एसटीत कारकुनी केलीय, इंग्रजी वाचता येतं. त्यांनी वाचलं, तुमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दोन माणसांचं बोलणं झालं, मध्ये मी नव्हते.

आवाजाने फुग्याचं पातळ रबर थरथरतं आणि ते बोटांना कळतं. ऐकू न येणारी माणसं मैफलीत असं करतात, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं.

गायिका आली, ड्रम घुमले. मी स्टेजकडे बघतच नव्हते, नानांच्या बोटांकडे बघत होते. आधी नुसती टेकलेली होती. मग उजव्या हाताची दोन बोटं हलली, मग डाव्याची. त्या रॉक गाण्यावर, त्या फुग्यावर, माझ्या वडिलांनी भजनी ठेका धरला होता. आठ मात्रा, एकही न चुकता. किती वर्षांनी!

शेवटी 'सायलेंट नाइट' झालं. कोरसने ते खुणांच्या भाषेत केलं, आणि एका कडव्याला तर कुणाच्याच तोंडून आवाज नाही, नुसते हात. आडव्या हातावर दुसरा हात वाकतो, क्षितिजाआड सूर्य जावा तसा. ती 'रात्र'. त्या एका कडव्यापुरता अख्ख्या थिएटरमध्ये नानांइतकंच सगळ्यांना ऐकू येत होतं.

परतताना बार्ट रेल्वेत मुलीने सांगितलं, की हा कोरस लोकांसमोर पहिल्यांदा गायला तो २७ नोव्हेंबर १९७८ च्या रात्री, सिटी हॉलच्या पायऱ्यांवर. समलिंगी असल्याचं उघडपणे सांगणारे नगरसेवक हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांचा त्याच दिवशी खून झाला होता, आणि खाली हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन उभी होती. पुढे एड्सच्या साथीत कोरसचे कितीतरी गायक गेले. तुमच्यापैकी अनेकांना तर स्वतःच्या घरच्यांनीच दार बंद केलं असेल. दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते माहीत असलेली माणसं दारात उभ्या असलेल्याला किती पटकन ओळखतात! चांगुलपणाला फार काही लागत नाही हो, दादा. समोरच्याकडे बघावं लागतं, बस.

फुग्यातली हवा तिसऱ्या दिवशी गेली. मी टाकायला निघाले तर नानांनी हातातून काढून घेतला. आता तो त्यांच्या टाळांच्या पिशवीत आहे. पुढच्या महिन्यात ते गावी परत जातायत. पिशवी सामानात टाकायची नाही, हातात ठेवायची, असं त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलंय.

तुमची,
नानांची मुलगी