कागदाला कळवायचं राहून जातं

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा माझं मृत्युपत्र काढून वाचलं. तू ४ वर्षांची असताना केलेलं. मला काही झालं तर तुझा सांभाळ मावशीने करावा, असं त्यात आहे. मावशी जाऊन ६ वर्षं झाली आणि तू स्वतःच आई झालीस. पण हादरले ते दुसऱ्याच गोष्टीने. अख्ख्या कागदात तुझ्या धाकट्या भावाचं नाव नाही. तेव्हा तो जन्मलाच नव्हता. इतकी वर्षं काळजी दोघांची केली आणि कागदावर मला एकच मूल होतं! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

जुन्यावरच पेनाने त्याचं नाव घालणार होते, वकिलांनी थांबवलं. सहीनंतरची खाडाखोड पुन्हा सह्या आणि साक्षीदार घेतल्याशिवाय टिकत नाही. किरकोळ बदलाला पुरवणी चालते, पण घरातली माणसंच बदलली असतील तर नवं करावं. तसं केलं. सुरुवातीलाच ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं घातलं. ज्यांना काही मिळायचं आहे, त्यांच्यापैकी कोणाला साक्षीदार केलं नाही. मूळ प्रत निळ्या फाइलमध्ये आहे, हे भावालाही सांग.

आता तुझं. तुझ्या विम्यावर आणि पहिल्या नोकरीच्या फंडावर अजून माझंच नाव आहे, असं तूच मागे म्हणाली होतीस. ते आधी बदल. मृत्युपत्र कितीही नीट केलं तरी नॉमिनीचे कागद वेगळे असतात. अमेरिकेत एका माणसाने १९७४ साली कंपनीतल्या बचतीवर बायकोचं नाव लावलं. १९९४ मध्ये घटस्फोट झाला, त्यात तिने त्या पैशांवरचा हक्कही सोडला. पण कंपनीतला कागद बदलायचा राहिला. २००१ मध्ये तो गेला. मुलगी कोर्टात गेली आणि २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कागदावर जिचं नाव, पैसे तिलाच. सुमारे ४ लाख डॉलर होते. पैशांपेक्षा मला त्या मुलीचंच जास्त वाटतं. बाप गेल्यावर आठ वर्षं ती कागदाशी भांडत राहिली.

सगळीकडे असाच निकाल लागेल असं नाही. कुठे नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, वाटप वारसांत होतं. लग्नाचंही तसंच: इंग्लंडमध्ये लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र सहसा आपोआप रद्द होतं, शेजारच्या स्कॉटलंडमध्ये होत नाही. तुम्ही दोघं परदेशी जायचं म्हणताय, तर तिथल्या वकिलाला हे विचारून घ्या.

आणि बाळाचा सांभाळ कोणी करायचा, हे या महिन्यातच ठरवा. ज्याचं नाव घालाल, त्याच्याशी आधी बोला. मावशीला मी कधी विचारलंच नव्हतं.

तुझी
आई