गुप्त टॅब नेमका कोणापासून गुप्त?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी स्मार्टफोनवर 'कोणालाही न कळता' इंटरनेट वापरण्याविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. ब्राउझरमधला गुप्त टॅब, म्हणजेच इन्कॉग्निटो, उघडला की आपण इंटरनेटवर अदृश्य होतो, असे त्यात म्हटले होते आणि शेजारच्या चौकटीत तेच वाक्य ठळक अक्षरांत दिले होते. लेख सोप्या भाषेत होता. मी तो धाकट्या बहिणीला वाचून दाखवला, आणि तिनेही त्यावर विश्वास ठेवला. पुढे जे घडले ते तिच्या परवानगीने येथे लिहीत आहे, कारण तोच लेख वाचून आणखी किती जणी निश्चिंत झाल्या असतील या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही.

बहिणीला आपल्या छातीत एक लहानशी गाठ हाताला लागली. डॉक्टरांकडे जाण्याआधी तिला त्याविषयी एकटीने वाचायचे होते. घरच्यांच्या जिवाला आधीच घोर लावायचा नव्हता. सलग दोन रात्री, सगळे झोपल्यावर, काळ्या पडद्यावर ते टोपी-चष्म्याचे चिन्ह दिसते आहे ना याची प्रत्येक वेळी खात्री करून तिने वाचन केले. एका संकेतस्थळावरून तपासण्यांची माहिती देणारी पीडीएफ उतरवून घेतली. दुसऱ्या एका ठिकाणी 'तज्ज्ञांशी बोला' असा रकाना होता, त्यात मोबाइल नंबर भरला. वाचून झाले की टॅब न विसरता बंद केला. चार दिवसांनी तिचा मुलगा शाळेने पाठवलेला स्वाध्याय शोधायला तिच्या फोनमधले डाउनलोड उघडून बसला आणि सगळ्यांच्या देखत त्याने विचारले, "आई, हे गाठीचं काय आहे गं?" त्याच आठवड्यात अनोळखी नंबरांवरून तपासण्यांच्या सवलतींचे फोन सुरू झाले आणि समाजमाध्यमांवरही त्याच जाहिराती दिसू लागल्या. रात्री तिचा मला फोन आला. "ताई, तूच म्हणालीस ना, कोणाला काही कळत नाही म्हणून?" गाठ साधी निघाली, एवढे समाधान.

या सगळ्यात गुप्त टॅबने आपले काम चोख केले होते, हे मी आधीच सांगते. त्या टॅबचे काम फार मर्यादित आहे. तो बंद केला की कोणती पाने पाहिली याची यादी, त्या वेळात साठलेल्या कुकी (आपल्याला ओळखण्यासाठी संकेतस्थळे फोनमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) आणि अर्जांत भरलेला मजकूर फोन विसरतो. आपल्यानंतर फोन हातात घेणाऱ्याला इतिहासात काही सापडू नये, इतकाच त्याचा हेतू आहे. उतरवून घेतलेल्या फाइली आणि जपून ठेवलेल्या वाचनखुणा फोनमध्येच राहतात, आणि टॅब उघडताच पहिल्याच पानावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. नंबर तर तिने स्वतःच्या हाताने दिला होता. जाहिरातदार आपल्याकडचे नंबर समाजमाध्यमांच्या कंपन्यांना देतात आणि त्या कंपन्या ते आपल्या सदस्यांच्या नंबरांशी जुळवून नेमक्या त्याच माणसांना जाहिराती दाखवतात. ही त्या व्यवसायातली रोजची सोय आहे आणि बहिणीच्या बाबतीतही तेच झाले असावे. गुप्त टॅबमध्ये एखाद्या खात्यात लॉग-इन केले तर ते खाते चालवणाऱ्या कंपनीलाही आपण कोण ते अर्थातच कळते.

लेखकाचा गैरसमज मी समजू शकते, कारण तो जगभर आहे. गुप्त टॅबमध्येही आपली माहिती गोळा केली जाते, अशी तक्रार करत अमेरिकेतील वापरकर्त्यांनी २०२० साली गूगलवर दावा दाखल केला होता. २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. त्याच सुमारास क्रोममधील त्या पहिल्या पानावरचा मजकूर बदलून, संकेतस्थळे माहिती कशी गोळा करतात यावर या टॅबचा काही परिणाम होत नाही, असे तेथे लिहिण्यात आले. म्हणजे ज्या कंपनीने हा टॅब केला ती स्वतःच आता आपल्या लेखाएवढा दावा करत नाही.

माझ्या मते मूळ घोटाळा शब्दांचा आहे. 'खासगी' आणि 'अनामिक' हे दोन शब्द त्या लेखात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले होते. बंद पाकिटातले पत्र खासगी असते, कारण आत काय लिहिले ते टपाल वाहणाऱ्याला दिसत नाही. पण ते कोणी कोणाला धाडले हे पाकिटावर उघड असते. निनावी पोस्टकार्ड याच्या अगदी उलट. मजकूर वाटेतला कोणीही वाचतो, लिहिणारा मात्र कळत नाही. आज बहुतेक संकेतस्थळांचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो, ते बंद पाकीट आहे. कोणते पान वाचले, कोणता शब्द शोधला हे वाटेत कोणाला दिसत नाही, पण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे मोबाइल कंपनीला किंवा ज्याच्या वाय-फायवर आहोत त्याला कळू शकते. अँड्रॉइडमध्ये २०१८ सालच्या नवव्या आवृत्तीपासून 'प्रायव्हेट डीएनएस' अशी सोय आहे. संकेतस्थळ उघडण्याआधी त्या नावाचा पत्ता कोणता, अशी फोन जी चौकशी करतो ती तिच्यामुळे झाकली जाते, तरी जोडणी करताना ते नाव बहुतेकदा उघडच जाते. आता कल्पना करा, की कोणी रात्री दोन वाजता कर्करोगाच्या रुग्णालयाचे, नशामुक्ती केंद्राचे किंवा कौटुंबिक अत्याचाराविरुद्ध मदत करणाऱ्या संस्थेचे संकेतस्थळ उघडले. पाकिटावरचे नावच सगळे सांगून जाते.

मोबाइल कंपनी हे जाणून काय करणार, असे वाटत असेल तर एक उदाहरण देते. अमेरिकेतील व्हेरायझन या कंपनीने २०१२ च्या अखेरीपासून ग्राहकांच्या फोनवरून जाणाऱ्या, एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक विनंतीत गुपचूप एक ओळखक्रमांक घालायला सुरुवात केली. ग्राहकाने कुकी पुसल्या, गुप्त टॅब उघडला, काहीही केले तरी क्रमांक फोनमध्ये नव्हताच. तो वाटेत चिकटवला जात होता, त्यामुळे फोनवरून पुसणे कोणाच्याही हातात नव्हते. हा प्रकार २०१४ मध्ये उजेडात आला. एक जाहिरात कंपनी याच क्रमांकाच्या आधारे लोकांनी पुसलेल्या कुकी पुन्हा जिवंत करत असल्याचेही पुढे आढळले, आणि २०१६ मध्ये तेथील नियामकाने व्हेरायझनकडून साडेतेरा लाख डॉलर वसूल केले. एचटीटीपीएसचा प्रसार झाल्यापासून ही विशिष्ट युक्ती चालेनाशी झाली, पण फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहे आणि कोणत्या सर्व्हरशी बोलतो आहे हे सिम चालू असेपर्यंत कंपनीला कळतेच. त्यावर ब्राउझरमधल्या कोणत्याही टॅबचा इलाज नाही.

लेखात पुढे मोफत व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी ये-जा मधल्या एका संगणकातून नेणारी सेवा, घेण्याचा सल्ला होता, तो तर मला धोक्याचा वाटतो. व्हीपीएनमुळे मोबाइल कंपनीला आपण कोठे जातो ते दिसत नाही आणि संकेतस्थळाला आपला खरा आयपी पत्ता (आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक) कळत नाही, हे खरे. पण मग ते सगळे व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसू लागते. विश्वास एका दाराहून उचलून दुसऱ्या दारी नेऊन ठेवला, इतकेच. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली होती. तिचे मोफत व्हीपीएन ॲप सुरक्षिततेचे आश्वासन देत होते आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवत होते. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरवरून हटवले गेले आणि पुढच्या वर्षी बंद झाले. आम्ही नोंदी ठेवत नाही अशी ग्वाही देणाऱ्या काही मोफत व्हीपीएन सेवांच्या ग्राहकांच्या नोंदी २०२० मध्ये इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सापडल्या होत्या, हेही त्या लेखकाने सांगायला हवे होते.

खऱ्या अर्थाने अनामिक राहण्यासाठी जे साधन घडवले गेले, त्या टॉर ब्राउझरचा लेखात 'गुन्हेगारांचा ब्राउझर' असा एका ओळीत उल्लेख होता. याचे मला सर्वांत वाईट वाटले. टॉरमागची कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. आपली विनंती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक गुंडाळून तीन वेगवेगळ्या संगणकांमधून पाठवली जाते. पहिल्याला आपण कोण ते कळते पण कोठे निघालो ते नाही, तिसऱ्याला कोठे निघालो ते कळते पण कोण ते नाही. नौदलाने हे तंत्र आपल्यापुरते ठेवले नाही, त्यामागे साधा हिशेब होता: ते फक्त नौदलाने वापरले असते, तर वापरणारा प्रत्येक जण नौदलाचाच असणार हे उघड झाले असते. गर्दी असेल तरच माणूस गर्दीत हरवतो. म्हणून पत्रकार, रुग्ण, विद्यार्थी, घरात छळ सोसणाऱ्या स्त्रिया अशा सामान्य माणसांनी टॉर वापरणे हाच त्याच्या सुरक्षिततेचा पाया आहे, आणि त्यांना एका ओळीत घाबरवून हाकलले तर नुकसान ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांचे होते.

अँड्रॉइडसाठी टॉर ब्राउझरची स्थिर आवृत्ती २०१९ पासून उपलब्ध आहे. आयफोनवर ओनियन ब्राउझर आहे, मात्र तेथे पाने दाखवण्यासाठी ॲपलचेच वेबकिट हे इंजिन वापरावे लागत असल्याने संरक्षण काहीसे कमी पडते. टॉर संथ चालतो, काही संकेतस्थळे त्याला दारातच अडवतात, आणि त्यातून आपल्या नावाच्या खात्यात लॉग-इन केले की त्या संकेतस्थळापुरती सगळी मेहनत वाया जाते. त्यात आपल्या आवडीचे बदल करत बसू नये, हेही महत्त्वाचे. पडद्याचा आकार, भाषा, अक्षरवळणे अशा किरकोळ तपशिलांच्या मेळातून ब्राउझर ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले होते. टॉर ब्राउझर सगळ्यांना शक्य तितके एकसारखे दाखवतो. आपण त्यात बदल केले की आपणच गर्दीतून वेगळे उठून दिसतो.

स्मार्टफोनवर ब्राउझर हे एक दार झाले. ॲपची दारे त्याहून किती तरी जास्त असतात. समाजमाध्यमाच्या ॲपमध्ये आलेली लिंक तेथल्या तेथे दाबली, तर ती बहुधा त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. अशा वेळी काही ॲप त्या पानात स्वतःचा कोड घुसवतात, हे २०२२ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले. अशी लिंक 'ब्राउझरमध्ये उघडा' हा पर्याय निवडून बाहेर नेऊनच वाचावी. प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी एक ओळखक्रमांकही दिलेला असतो. अलीकडच्या अँड्रॉइडवर तो सेटिंग्जमधून काढून टाकता येतो. आयफोनवर २०२१ पासून ॲपला मागोवा घेण्याआधी परवानगी मागावी लागते, आणि ही विचारणा सरसकट बंदही करता येते. हवामानाच्या ॲपला आपला अचूक ठावठिकाणा लागत नाही, अंदाजे दिला तरी चालतो. हे करायला पाच मिनिटे पुरतात आणि पैसे पडत नाहीत. लेखात यातले काहीच नव्हते.

'कर नाही त्याला डर कशाला', असे या विषयावर नेहमी ऐकवले जाते. माझ्या बहिणीने काय केले होते? तिला भीती वाटली आणि तिने वाचले. माणूस डॉक्टरला, वकिलाला, अगदी सख्ख्या बहिणीलाही विचारण्याआधी आता फोनला विचारतो, आणि त्या प्रश्नांतून तो जितका उघडा पडतो तितका क्वचितच कशातून पडत असेल. एओएल या अमेरिकेतील इंटरनेट कंपनीने २००६ मध्ये संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले जवळपास दोन कोटी शोध जाहीर केले. नावे काढून प्रत्येकाला फक्त क्रमांक दिला होता, आणि तरीही काही दिवसांतच पत्रकार केवळ शोधलेल्या शब्दांच्या मागावरून एका वृद्ध महिलेच्या घरी जाऊन पोहोचले. तिनेही काही गुन्हा केलेला नव्हता.

माझी आपल्याला विनंती आहे, की त्या चौकटीतल्या वाक्याची दुरुस्ती तितक्याच ठळक अक्षरांत छापावी. यापुढे अशा कोणत्याही साधनाविषयी लिहिताना ते आपल्याला कोणापासून लपवते आणि कोणापासून लपवत नाही, या दोन्ही गोष्टी नावानिशी सांगाव्यात: घरातली माणसे, वाय-फायचा मालक, मोबाइल कंपनी, संकेतस्थळ, जाहिरातदार. बहिणीला एवढेच कळले असते तर तिने वाचून झाल्यावर पीडीएफ काढून टाकली असती आणि त्या रकान्यात नंबर भरला नसता. ती फाइल आता तिने काढून टाकली आहे. नंबर मात्र जेथे गेला तेथेच आहे, आणि सवलतींचे फोन तिला अजूनही येतात.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक