पत्रिकेवरचं वचन

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम आणि खूप खूप आशीर्वाद.

लग्नपत्रिकेचा नमुना मिळाला. ‘तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव,’ हे वचन वर पाहून डोळे भरून आले. छापायला देण्याआधी मात्र मनातलं सांगते. हे शब्द बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातले, पण रूथने ते नवऱ्याला उद्देशून म्हटलेले नाहीत. नवरा तर वारला होता. मवाबातून बेथलेहेमला जाणाऱ्या वाटेवर एका विधवा सुनेने आपल्या विधवा सासूला, नामीला, दिलेला तो शब्द आहे.

नामीकडे तेव्हा होतं काय? दुष्काळामुळे गाव सोडलेलं, मवाबात नवरा गेला, दहा वर्षांत दोन्ही मुलगेही गेले. परमेश्वराचा हात माझ्यावर पडला आहे, असं ती सुनांना सरळ सांगते. माझ्याबरोबर येऊन तुमचं काही भलं होणार नाही, आपापल्या आईच्या घरी जा, म्हणते. दुसरी सून अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि परतली. तिला नावं ठेवू नकोस, शास्त्रही ठेवत नाही. सासूचंच तर तिने ऐकलं.

रूथने मात्र तोच देव धरला, ज्याने मला मारलं असं नामी म्हणत होती. मी या जागी नेहमी अडखळते. तिला त्या घरात दिसलं तरी काय असेल? एक गोष्ट शास्त्रात आहे: स्वतः उद्ध्वस्त झालेली ही बाई निरोप देताना सुनांसाठीच प्रार्थना करते, तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जशी दया केलीत तशी परमेश्वर तुमच्यावर करो, म्हणून. मला वाटतं, रूथने हेच पाहिलं असणार. आणि ही मवाबी मुलगी जात होती कुठे, तर मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये, असं नियमशास्त्र मानणाऱ्या लोकांत.

गावात शिरताच नामी बायकांना म्हणते, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. रूथ शेजारीच उभी होती, बाळा! तिने ते ऐकलं असेल. त्यावर तिचा एक शब्दही लिहिलेला नाही. सातूची कापणी लागली होती. रूथ नामीच्या नवऱ्याच्या नात्यातल्या बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा, म्हणजे मागे पडलेली कणसं, वेचायला गेली.

त्या दिवशी दुपारी बवाजाने तिला हुरडा दिला. ती पोटभर जेवली आणि थोडा शिल्लक ठेवला. संध्याकाळी वेचलेलं झोडलं तर एफाभर सातू निघाला. चांगलं वीस-बावीस लिटरचं माप. तो तिने घरी आणलाच, वर दुपारचा तो हुरडाही काढून सासूच्या हातावर ठेवला. दिवसभर उन्हात वाकून काम, आणि सगळा वेळ तो घास जपलेला. वाटेवरच्या शपथेपेक्षा मला हे वचन जवळचं वाटतं.

कारण तुझी आजी, माझी सासू. मी रात्रपाळी करून यायचे तेव्हा ओट्यावर वाटीखाली अर्धी भाकरी आणि बोंबलाची चटणी झाकलेली असायची. आम्हा दोघींचं पटायचं असं नाही, तुला माहीतच आहे. पहिली दोन-तीन वर्षं तर अबोलाच होता. पण ती वाटी एक रात्र चुकली नाही. शेवटच्या आजारपणात मी तिला पेज भरवायचे तेव्हा ती वाटीच डोळ्यांपुढे यायची.

पुढे तिसऱ्या अध्यायात बवाज रूथच्या पदरात सहा मापं सातू घालतो आणि सांगतो, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. नामीच्या तोंडी ‘रिकामी’साठी आलेला मूळ हिब्रू शब्द इथेही तोच आहे. पुढे रूथ आणि बवाजाला ओबेद झाला, दावीद राजाचा आजोबा. तेव्हा शेजारणी नामीला म्हणतात, ही सून तुला सात मुलांपेक्षा जास्त आहे.

वचन तेच ठेवायचं असेल तर ठेव, माझी ना नाही. फक्त तुम्ही दोघं आधी दुसरा अध्याय एकत्र वाचा, आणि अठराव्या वचनापाशी जरा थांबा. नावांचं शुद्धलेखन पप्पांनी तपासलंय, सोबत पाठवते.

तुझी,
मम्मी